तळाचे तांदूळ

सुगंधाबाईंच्या तांदळात कधी खडा सापडला नाही, हे चारकोपच्या सेक्टर तीनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. गावाहून वर्षाचे तांदूळ आले की त्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यांना दोन दिवस ऊन दाखवायच्या, सुपाने पाखडायच्या, चाळायच्या आणि पत्र्याच्या पिंपात भरताना मधे मधे निगडीचा, म्हणजे निरगुडीचा, सुकवलेला पाला घालायच्या. पंचाहत्तरी आली, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, गुडघे कुरकुरू लागले, तरी या कामाला त्यांनी दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. म्हणूनच दिवाळीला आलेल्या नातीने पिंपात डोकं घालून, "आजी, तुझ्या तांदळात किडे झालेत!" असं ओरडावं, आणि तेही ओट्यावर लूर्डस बसलेली असताना, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

लूर्डस ही त्यांची चारकोप गावठाणातली मैत्रीण. या दोघींची ओळख सेक्टरमधली घरं उभी राहत होती तेव्हापासूनची. सुगंधाबाई पाण्याचा हंडा घेऊन गावठाणातल्या विहिरीवर गेल्या होत्या आणि लूर्डसने आधी भांडण काढलं होतं, मग हंडा उचलून डोक्यावर दिला होता.

"सुगंधाच्या घरात किडे!" लूर्डस तेव्हा म्हणाली होती. "आता पाद्रींना सांगून घंटा वाजवायला हवी."

नात मात्र खूश होती. गार्गी तिचं नाव, सुगंधाबाईंच्या धाकट्या लेकीची मुलगी. राहायची बोरिवलीला आणि कॉलेजात किड्यांवर एम.एस्सी. करायची. "आजी, सोंडे तर सगळ्यांकडे असतात," ती म्हणाली होती. "पण सोंड्यांच्या जिवावर जगणारी ही माशी बघ! हिला मी चार महिने शोधतेय." आणि तिने चिलटासारख्या दिसणाऱ्या वीसपंचवीस काळ्या माश्या बाटलीत भरून नेल्या होत्या, कुणी माहेरची ओटी घेऊन जावी तशा.

नातीचा आनंद सुगंधाबाईंना कळला नव्हता. त्यांना एवढंच कळलं की आपल्या पिंपात किडे आहेत आणि ते चारचौघांत जाहीर झालेत. थंडीत ऊन कोवळं असतं, म्हणून त्या थांबल्या. मार्चात ऊन चटके देऊ लागलं तसं त्यांनी पिंप रिकामं केलं, एक एक दाणा गच्चीवर नेला, तीन दिवस भाजून काढल्यासारखा वाळवला, दोनदा चाळला, पिंप गरम पाण्याने धुऊन पुसून कोरडं केलं. नवा पाला घातला. वर पारदाच्या गोळ्या कापडात बांधून ठेवल्या. शनिवारी हे सगळं संपलं आणि त्या पाठ टेकून बसल्या, तोच रविवारी सकाळी गार्गी दारात उभी.

चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, "आजी, पिंप कुठाय?"

"कुठे जाईल? होतं तिथेच आहे. बघ बघ, आता उघडून बघ. एक किडा दाखव, मी नाव बदलीन."

गार्गीचा चेहरा उतरला. तिने पिंपात हात घातला, तांदूळ वरखाली केले, पिशवीतून भिंग काढून झाकणाच्या कडा तपासल्या. मग ती तिथेच फरशीवर बसली.

"सगळ्या मारल्यास?"

"मग? पूजा करू त्यांची?"

"आजी, माझी वाट लागली गं," गार्गी म्हणाली आणि रडायलाच लागली.

होळीच्या सुट्टीत कॉलेजच्या इमारतीत वाळवीसाठी फवारणी झाली होती. गार्गीच्या खोलीतल्या सगळ्या माश्या बरण्यांच्या तळाशी काळ्या तिळांसारख्या पडल्या होत्या. सोंडे दुसऱ्या खोलीतल्या कपाटात होते म्हणून वाचले. दिवाळीपासून चार-पाच महिन्यांचं काम झालेलं, शेवटचा एक भाग उरलेला. एप्रिलच्या पंधरा तारखेच्या आत माश्या परत सुरू झाल्या नाहीत तर सगळं पुढच्या वर्षावर जाणार, आणि पुढच्या वर्षी तिला बेंगळुरूला जी जागा मिळाली होती, तीही जाणार.

"दुसरीकडून आण ना," लूर्डस म्हणाली. ती रविवारची प्रार्थना आटपून नेहमीप्रमाणे चहाला आली होती. "किड्यांना काय तोटा?"

"लूर्डस आजी, त्या वेगळ्या घराण्यातल्या असणार. मग आधीचे सगळे आकडे फुकट. मला याच हव्यात, या घरातल्या."

"बघ सुगंधा," लूर्डस बशीत चहा ओतत म्हणाली, "तुझ्या साफसफाईने शेवटी घर बुडवलंच."

सुगंधाबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर देवघराखालच्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथून झटकन परत आली. तिथे, समईच्या तेलाच्या बाटलीमागे, जुन्या लुगड्याच्या तुकड्याने तोंड बांधलेलं एक काळं मडकं होतं. त्या मडक्यात काय आहे ते लूर्डसला माहीत नव्हतं, लेकींना अर्धवट माहीत होतं. आणि त्यात तसली काळी चिलटं आहेत हे या घरात फक्त सुगंधाबाईंना माहीत होतं.

गार्गी डोळे पुसून उठली. ओळखीच्या वाण्यांकडे जाते म्हणाली, दहिसरला कुणाचं तरी भाताचं गोदाम आहे तिथे बघते म्हणाली, आणि गेली.

मडकं सासूबाईंचं. म्हणजे मडकं सुगंधाबाईंच्या माहेरून आलेलं, पण त्यातला नवस सासूबाईंचा.

दुसरी मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. पन्नास वर्षांवर झाली, तरी सुगंधाबाईंना त्या दिवशीचा दाराबाहेरचा रॉकेलचा वाससुद्धा आठवत होता. त्या बाळंतपणाहून परतल्या आणि सासूबाईंनी बाळाचं तोंड पाहायच्या आधी हे मडकं पुढे ठेवलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी भात लावायच्या आधी एक मूठ देवीच्या नावाने यात टाकायची. नातू होईपर्यंत. नातू झाला की याच तांदळाचा भात शिजवून गावच्या सगळ्या वाडीला जेवण. तोवर हे तांदूळ पाखडायचे नाहीत, निवडायचे नाहीत, त्यांना ऊन दाखवायचं नाही. वर्षाला जत्रेला जाणाऱ्याबरोबर वरचे तांदूळ देवळात पाठवायचे, पण तळ तसाच ठेवायचा.

"तळ रिकामो करू नको," सासूबाई म्हणाल्या होत्या. "आणि नवस मोडलंस तर तुझ्या चेडवांका भोवतलो, सांगून ठेवतंय."

चेडवांना, म्हणजे मुलींना. पाळण्यात एक होती आणि पायाशी एक. सुगंधाबाईंनी त्याच मंगळवारी पहिली मूठ टाकली.

तिसरीही मुलगीच झाली. चौथ्या खेपेला दिवस गेले आणि राहिले नाहीत. त्यांचे यजमान दत्ताराम गिरणीतून यायचे, तिन्ही मुलींना पाठीवर घेऊन खोलीभर घोडा घोडा करायचे, पण आई बोलू लागली की विडी घेऊन जिन्यात जायचे. त्यांनी कधी टोमणा मारला नाही आणि कधी आईला अडवलंही नाही. सासूबाई गेल्या, गिरणी गेली, चारकोपला प्लॉट मिळाला. सामान टेम्पोतून आलं, पण मडकं सुगंधाबाईंनी मांडीवर घेऊन आणलं. पुढे दत्ताराम गेले. मुलगा होण्याचं वय तर कधीच सरलं होतं. पण मंगळवार-शुक्रवारची मूठ चुकली नाही. मुलगा हवा म्हणून सुरू झालेला नवस त्या अर्धशतकभर पाळत होत्या तो मुलींना काही होऊ नये म्हणून. मोठीला टायफॉइड झाला होता तेव्हा, मधलीची नोकरी गेली होती तेव्हा, प्रत्येक वेळी त्यांनी आधी आठवून पाहिलं होतं की शुक्रवारची मूठ टाकली होती ना.

मंगळवार उजाडला. कुकर लावायच्या आधी त्यांनी मूठ भरली, मडक्याच्या तोंडाचा दोरा सोडला आणि फडकं बाजूला केलं. दोन काळे ठिपके वर आले. एक उडाला. दुसरा त्यांच्या मनगटावर चढला, बांगडीपाशी थबकला, शिंगासारखी दोन इवलीशी बोटं हलवत कातडी चाचपू लागला.

सुगंधाबाई पाहत राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी ही चिलटं फुंकर मारून उडवली होती. आज फुंकर मारवेना. या एवढ्याशा जिवासाठी पोर रडत गेली होती. त्यांनी मूठ मडक्यात सोडली, फडकं पुन्हा बांधलं, पण मनगटावरच्या ठिपक्यावर स्टीलची वाटी अलगद पालथी घातली आणि मग डाव्या हाताने चाचपडत फोन लावला.

"गार्गी, एक सापडलीय."

"एक? कुठे? आजी, हलू नकोस!"

"मी कशी हलू? ती माझ्या हातावर आहे."

पाऊण तासात गार्गी आली. मोबाईलला चिमट्याने लावायचं छोटं भिंग, काचेची बशी, दाण्यांच्या डब्या असा सगळा संसार पिशवीतून निघाला. तिने वाटी उचलून माशी बशीत घेतली आणि भिंगातून पाहिली.

"मादी आहे," ती श्वास रोखून म्हणाली. "आजी, तीच आहे. कुठे होती?"

"ते मागाहून. आधी मला दाखव ती काय करते ते. इतकं रडण्यासारखं काय आहे तिच्यात, ते मला कळू दे."

गार्गीने त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग एका डबीतून आठदहा तांदळाचे दाणे काढून बशीत मांडले. दाण्यांवर शाईचे ठिपके होते, काहींवर लाल, काहींवर निळे. वरून दाणे धडधाकट दिसत होते.

"या प्रत्येक दाण्याच्या आत सोंड्याची एक अळी आहे," गार्गी म्हणाली. "बाहेरून तुला दिसत नाही, मलाही नाही. लाल ठिपका म्हणजे अळी लहान, निळा म्हणजे मोठी. कुठल्या दिवशी सोंड्याने अंडं घातलं ते मी लिहून ठेवते म्हणून मला माहीत. तिला ठिपक्यांचं काही माहीत नाही. आता बघ."

मोबाईलच्या काचेवर तांदळाचा दाणा नांगरलेल्या होडीएवढा दिसत होता. माशी त्यावर चढली. सुगंधाबाईंनी चष्मा वर सरकवला. तिचं अंग काळं, त्यावर हिरवट झाक, तेलाच्या थेंबावर असते तशी. पंख इतके पातळ की त्यातून दाणा दिसत होता. आणि ती चालताना त्या दोन शिंगांनी दाण्यावर थाप मारत होती. टप टप टप टप. कडेने गेली, टोकाला गेली, वळली, पुन्हा थापटत आली.

"फणस बघतेय," सुगंधाबाई पुटपुटल्या.

"काय?"

"आम्ही गावाला फणस असा थापटून बघायचो. आत गरा धरलाय की नाही ते आवाजावरून कळतं. सासूबाई तर झाडाखाली उभ्या राहून कुठला कधी उतरवायचा ते सांगायच्या."

"अगदी तेच! वासावरून, थापेवरून तिला कळतं की आत कुणीतरी आहे. रिकाम्या दाण्यावर ती थांबत नाही."

माशी थांबली होती. पाय पसरून, पोट वाकवून तिने केसाहून बारीक काहीतरी दाण्यात खुपसलं आणि डावीउजवीकडे वळत वळत आत दाबू लागली. सेक्टरमध्ये पाण्यासाठी बोअरिंग खणलं होतं तेव्हा ते यंत्र असंच अंगभर थरथरत होतं. इथे मात्र आवाज नव्हता. पलीकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतून कुठल्या तरी मशिनची घरघर येत होती आणि इथे तांदळाच्या दाण्यावर एवढासा जीव सगळा भार एका केसावर देऊन उभा होता.

"आता ती आत पोचली," गार्गी हळू आवाजात म्हणाली. "अळीला नांगी मारेल. अळी मरत नाही, पण हलायची थांबते. मग त्या सुईनेच अंधारात अळीचं माप घेईल, केवढी आहे ते. आणि तिच्यावर एकच अंडं घालेल. अंड्यातून बाहेर पडेल ते बाळ त्या अळीवर वाढेल."

"म्हणजे बाळाचं घर आणि बाळाचं जेवण, सगळं एकच."

"हो. आणि ते आयुष्यभराचं. एकदा जे मिळालं त्यात जेवढं मोठं होता येईल तेवढंच. म्हणून तर माप. आता मी तुला जे सांगणारे ना आजी, ते ऐकल्यावर मी दोन दिवस झोपले नव्हते." गार्गीने काचेवरून नजर न काढता त्यांचा हात धरला. "अळी लहान असली तर ती मुलगा घालते. मोठी असली तर मुलगी."

सुगंधाबाईंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"कोण घालते?"

"ही. आई. ती ठरवते. नराशी एकदा भेट झाली की त्याचं बीज ती पोटातल्या एका पिशवीत जपून ठेवते. अंडं बाहेर पडताना पिशवी उघडली तर मुलगी. बंद ठेवली तर मुलगा. मुलग्याला बापच नसतो."

"बिनबापाचा?"

"बिनबापाचा. आईचे वडील असतात, आजोबा. पण बाप नाही."

सुगंधाबाईंनी माशीकडे पाहिलं. ती अजून तशीच उभी होती, हलत नव्हती. त्या पांढऱ्या दाण्याच्या आत, काळोखात, याच घटकेला ती मोजत असेल आणि ठरवत असेल. त्यांच्या अंगावर काटा आला. देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात देवीचे डोळे पहिल्यांदा दिसले होते, तेव्हा लहानपणी असा काटा आला होता.

"मोठं घर मुलीला?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"आणि मुलग्याला उरलंसुरलं?"

"तसं म्हण हवं तर. पण आजी, ती काही प्रेमाने नाही गं करत. मोठ्या मुलीला पुढे जास्त अंडी होतात, म्हणून. मुलगा लहान असला तरी त्याचं काम भागतं."

"असू दे की. तुझ्या पणजीला तरी मुलगा काय प्रेमाने हवा होता?"

गार्गी हसली, आणि आजी हसत नाहीत हे बघून तिने हसू आवरलं.

सुगंधाबाईंना आठवत होतं ते वेगळंच. धाकटी, म्हणजे गार्गीची आई, दहावीत असताना शाळेचं पुस्तक घेऊन आली होती आणि म्हणाली होती, आई, मुलगा की मुलगी ते बापामुळे ठरतं, तुझ्यामुळे नव्हे, इथे लिहिलंय बघ. सासूबाई तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या. सुगंधाबाईंनी पुस्तक हातात घेतलं होतं, ती ओळ दोनदा वाचली होती आणि भाकरी थापायला परत वळल्या होत्या. आता कोणाला दाखवायचं, असं वाटलं होतं. जे त्यांच्या हातात कधीच नव्हतं त्याबद्दल त्यांनी सतरा-अठरा वर्षं बोलणी खाल्ली होती. आणि जिच्या खरोखर हातात आहे, ती ही, तिळाएवढी, कोणाला विचारत नाही, कोणी तिला विचारत नाही.

"मग तुझा अभ्यास कसला?" त्यांनी विचारलं. "हे तर तुला कळलेलंच आहे."

"हे माझ्या कितीतरी आधी लोकांनी शोधलंय. गंमत पुढे आहे." गार्गीने आणखी एक डबी उघडली. यातल्या दाण्यांवर ठिपके हिरवे होते. "ही मधल्या मापाची अळी. हिच्यात काय घालेल सांग."

"मला काय कळतंय?"

"त्या माशीने आधी काय पाहिलंय, त्यावर आहे. आधी सगळ्या लहान अळ्या भेटल्या असतील तर हीच तिला मोठी वाटते, मुलगी घालते. आधी मोठ्या मोठ्या भेटल्या असतील तर हीच लहान वाटते, मुलगा घालते. तिचं माप असं कुठे आखलेलं नाही, आजी. आयुष्यात जे भेटलं त्यावरून ती ठरवते. मी बघतेय की ती हे किती दिवस लक्षात ठेवते."

"लक्षात?" सुगंधाबाई म्हणाल्या. "एवढ्याशा डोक्यात?"

"एवढ्याशा डोक्यात."

माशीने सुई काढून घेतली होती. ती क्षणभर दाण्यावर थबकली, पुढच्या पायांनी तोंड पुसलं आणि दुसऱ्या दाण्यावर चढली. टप टप टप टप.

सुगंधाबाई उठल्या. गुडघ्यांवर हात देत देवघराकडे गेल्या, खाली वाकल्या, तेलाची बाटली बाजूला केली आणि मडकं दोन्ही हातांनी उचलून आणलं. ते त्यांनी गार्गीसमोर फरशीवर ठेवलं खरं, पण फडक्यावरचा हात काढला नाही.

"यात आहेत. खूप आहेत. पिंपातल्या पण यातूनच गेल्या असतील."

"आजी! रविवारी का नाही सांगितलंस?"

मग त्यांनी सांगितलं. नवसाचं, मुठीचं, तळाचं. सासूबाईंचं बोलणं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच आवाजात. गार्गी ऐकत राहिली. नवस वगैरे काही नसतं असं ती म्हणेल अशी सुगंधाबाईंना भीती होती. ती तसं म्हणाली नाही.

"म्हणजे हा तळ कधीच रिकामा झाला नाही?" तिने विचारलं.

"कधीच नाही."

"पन्नास वर्षं?"

"पन्नासच्या वर."

गार्गी मडक्याकडे बघत मनात हिशेब करू लागली. "वर्षाला पंधरा पिढ्या धरल्या तरी," ती हळूच म्हणाली, "साडेसातशे. आजी, मधे खंड पडला नसेल तर साडेसातशे आया. एकीची मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी. सगळ्या इथेच, तुझ्या देवघराखाली."

सुगंधाबाईंनी मडक्यावरचा हात काढला नव्हता. नातवासाठी ठेवलेलं हे मडकं. आणि त्याच्या आत, त्यांनी टाकलेल्या एकेका मुठीवर, दाणा थापटून, माप घेऊन, मोठं घर बघून, कोणी तरी पन्नास वर्षं मुली वाढवत होतं.

"तुला किती लागतील?"

"तीस-चाळीस मिळाल्या तर काम सुरू होईल. पण आत दाण्यांमध्ये बाळं असतील, बाहेर आलेल्या कमी. तुला जेवढं द्यावंसं वाटेल तेवढं दे. वरचे तांदूळ दिलेस तरी चालेल, तळ राहू दे."

वरचे तांदूळ द्यायला काहीच हरकत नव्हती, वरचे तांदूळ द्यायचेच असतात. तीन वर्षं जत्रेला कोणी गेलं नव्हतं, मडकं गळ्यापर्यंत भरलं होतं. वरचे दिले असते तर नवसही राहिला असता आणि पोरीचं कामही झालं असतं. त्यांनी फडक्याची गाठ सोडली.

"पण त्या कुठे असतात?" त्यांनी विचारलं. "वर की खाली?"

खोटं बोलावं का, असं क्षणभर गार्गीच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती म्हणाली, "जुने तांदूळ खाली असतात. किडलेले दाणे जास्त तिथेच. माश्याही तिथेच."

"मग वरचं नेऊन काय करशील? परात घे ती."

"आजी, नक्की?"

"परात घे म्हटलं ना, बाय."

त्यांनी मडकं परातीवर कलंडलं. आधी पांढरे तांदूळ आले, मग पिवळट, मग पिठूळ, जाळी धरलेले, भोकं पडलेले. सोंडे सैरावैरा पळू लागले. शेवटी मडकं पूर्ण उलटं करून बुडावर थाप मारावी लागली, तेव्हा तळाचे तांदूळ एकदम घसरून आले, हाताला मऊ लागणारे, जुन्या घराच्या वासाचे. त्यातून काळे ठिपके उठले. आठ, दहा, मग मोजता येईनात. गार्गीने पातळ कापड परातीवर टाकलं, पण पाचसहा निसटल्या आणि खिडकीच्या उजेडाकडे गेल्या. दोघींनी मान वर करून पाहिलं. काचेवर चढून त्या तिथेही थापटत होत्या.

नात सगळं बांधून घेऊन गेली. मडकं सुगंधाबाईंनी धुतलं आणि गच्चीवर उन्हात पालथं घातलं. तोवर त्या ठीक होत्या. खाली आल्यावर मात्र त्यांनी ठाण्याला मोठ्या लेकीला फोन लावला.

"काय गं आई?"

"काही नाही. कशी आहेस? उन्हात बाहेर पडू नकोस."

मग मधलीला पनवेलला. मग धाकटीला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिघींना. तिसऱ्या दिवशीही. "रस्ता ओलांडताना बघत जा," "गॅस बंद केलास ना?" "खोकला का येतोय तुला?" आठवड्याने मोठीने मधलीला विचारलं, आईला काय झालंय, डॉक्टरकडे न्यायची का? मधली म्हणाली, मला तर दिवसातून दोनदा करते.

लूर्डसला सगळं कळलं होतं, कारण शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा सुगंधाबाई तांदळाची मूठ वळून स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या होत्या. हात सवयीने भरला होता आणि टाकायला जागा नव्हती. लूर्डसने ऐकून घेतलं, कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली आणि विचारलं, "मग त्या मुठीचं काय करणार आता?"

"तेच कळेना."

"कुकरात टाक बये, माझे पण शिजव. घरी सुनेने, आयव्हीने, आज पास्ता केलाय, तो मला गिळवत नाही."

त्या दिवशी लूर्डस जेवायला राहिली. पुढच्या मंगळवारीही आली. मुली धडधाकट होत्या. मोठीला एकदा शिंका आल्या, तेवढंच.

त्याच्या पुढच्या मंगळवारी दुपारी गार्गीचा फोन आला, चित्र दिसणारा. तिच्या मागे बरण्यांच्या रांगा होत्या.

"आजी, निघाल्या! आज सकाळी पहिल्या निघाल्या. मोठ्या अळ्यांवर ठेवल्या होत्या ना, त्यातून सत्तावीस. सांग किती मुली."

"किती?"

"तेवीस! आणि चार मुलगे, एवढे एवढे."

फोन बशीवर धरला गेला. आधी काही दिसेना. मग गार्गीने भिंग लावलं आणि पडद्यावर एक दाणा उभा राहिला, त्याला गोल भोक पडलेलं. भोकातून दोन शिंगं बाहेर आली. थांबली. मग डोकं, मग ओले चुरगळलेले पंख. ती बाहेर येऊन दाण्यावर उभी राहिली, तिने तोंड पुसलं, पंख झटकले. इतकी वर्षं काळोखात पिढ्यान्पिढ्या वाढलेल्या वंशातली ही, काचेच्या बशीत, भर उजेडात. आणि कोणी काही शिकवायच्या आधी तिने शिंगं खाली केली आणि पायाखालचा दाणा थापटून पाहायला सुरुवात केली.

"मुलगी आहे," सुगंधाबाई म्हणाल्या.

"तुला कसं कळलं?"

"मोठी आहे ना."

त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. गार्गीलाही फोन ठेवायची घाई नव्हती. शेवटी ओट्यावरून लूर्डसचा आवाज आला, आज मंगळवार आहे की नाही, भात लावलास की नाही, मी ताटकळत किती बसू?

सुगंधाबाई उठल्या. पिंपातून तांदूळ काढले, धुतले. मग आणखी एक मूठ भरली, क्षणभर हातात धरून ठेवली आणि कुकरात टाकली. त्या दिवशी त्यांनी एकाही लेकीला फोन केला नाही. संध्याकाळी तिघींचे आले, एकीमागून एक, आई बरी आहे ना ते बघायला.